उधारीचा कोबी, बांधावरचा दोडका: पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

कासारीच्या काठावरचं हे गाव पन्हाळा तालुक्यातलं. गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. २०२४-२५ साली पहिली ते पाचवीत ११८ आणि सहावी ते आठवीत ६४ मुलं पटावर होती. मी वरच्या वर्गांना विज्ञान शिकवत होते आणि पोषण आहाराची नोंदवही माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातल्या काही चुका माझ्याच हातच्या आहेत.

शाळेत दुपारचं जेवण देण्याच्या या योजनेचं नाव बदलत गेलं तरी गावात सगळे तिला अजून ‘खिचडी’च म्हणतात. १९९५ साली ती सुरू झाली, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं ताजं जेवण द्यायचं ठरलं आणि २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. मोजमाप ठरलेलं आहे. लहान वर्गातल्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. वरच्या वर्गातल्याला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. त्यातून लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशेब आहे.

आमच्याकडे तांदूळ सरकारी कोट्यातून येतो. डाळ, कडधान्य, तेल, मसाला पुरवठादार आणून टाकतो. शाळेनं स्वतः विकत घ्यायचं ते फक्त गॅस, भाजी आणि आठवड्याचा पूरक आहार. म्हणजे ताटातली एकच मुख्य गोष्ट अशी, की जिच्याबद्दल शाळा स्वतः ठरवू शकते: भाजी. आणि नेमकी तीच आमच्या ताटात सगळ्यात कमी होती.

अडचण

ही अडचण आमच्या लक्षात आली ती पुरामुळे. जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. शाळा काही दिवस बंद राहिली. पुन्हा भरली तेव्हा कोठीत तांदूळ होता, डाळ होती, पण भाजी नव्हती. भाजी देणारा व्यापारी ती कोल्हापूरहून आणायचा, आणि रस्ता नीट सुरू झालेला नव्हता.

त्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला चौथीतल्या एका मुलीची आजी डोक्यावर पाटी घेऊन शाळेच्या फाटकात उभी राहिली. पाटीत दोडके, दोन मोठे दुधी आणि वर अळूची पानं, सगळं ओलं. ‘घरात खाऊन सपंना झालंय बाई. कोल्हापूर बंद, एस्टी न्हाई. कुजवायचं कशाला, पोरांच्या पोटात तरी जाऊ दे,’ म्हणाल्या. मागून आणखी दोघी आल्या.

प्रयोगशाळेतला मोठा काटा व्हरांड्यात आणून मी ती भाजी तोलली. नऊ किलो भरली. स्वयंपाकाच्या मावशी बघत होत्या, त्या सहज म्हणाल्या, ‘एवढी भाजी एका दिवसाला कधी कापलीच न्हाई आम्ही.’ त्या वाक्यानं मी थबकले. दुपारी जुना हिशेब घेऊन बसले. ११८ मुलांना ५० ग्रॅमप्रमाणे ५.९ किलो, ६४ मुलांना ७५ ग्रॅमप्रमाणे ४.८ किलो. सगळी मुलं हजर असली तर दिवसाला १०.७ किलो भाजी लागते. रस्ता सुरू झाल्यावर व्यापाऱ्याची भाजी पुन्हा येऊ लागली, तेव्हा सलग पाच दिवस मी कापलेली भाजी तोलली. तीन किलोच्या आसपासच भरत होती, एक दिवस तर अडीच. आणि ती भाजी म्हणजे बटाटा, कांदा, कोबी. कधीमधी टोमॅटो.

यात कुणी पैसे खाल्ले नव्हते. हे ठासून सांगते, कारण अशा गोष्टीत पहिला संशय मुख्याध्यापकांवर जातो. इंधन-भाजीपाल्याचे पैसे महिनोन् महिने मागे पडत होते. गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, आपल्या पगारातून गॅस भरत होते आणि भाजी उधारीवर आणत होते. तीन महिने थांबणारा व्यापारी थांबण्याचा मोबदला भावातच लावतो. बाजारात ४० रुपयांना असलेला टोमॅटो आमच्या वहीत ५५ ला होता. वर उधारीवर घेणाऱ्याला निवड नसते. तो जे देईल ते घ्यायचं, आणि तो टिकणारंच देणार. सोमवारी आलेला कोबी गुरुवारी वरून काळा पडलेला असायचा. पाकळ्या सोलत सोलत मावशी तो अर्ध्यावर आणायच्या.

दुसरीकडे, गावातल्या बायका पहाटेच्या एसटीनं दोडका, भेंडी, पोकळा घेऊन शिवाजी पुलावरून कोल्हापुरात जात होत्या आणि गंगावेशीत, कपिलतीर्थाच्या मंडईत विकत होत्या. गावची ताजी भाजी पहाटे कोल्हापूरला जात होती आणि कोल्हापूरचा शिळा कोबी दुपारी गावात येत होता.

नियमांबद्दल एक गोष्ट तेव्हा मला फार बोचली. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांप्रमाणे सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही, तर राज्यानं जबाबदारी निश्चित करायची आहे. जेवण चुकलं तर नियम जागा होतो. जेवणात भाजी नसली तर कुणाला पत्ताही लागत नाही, कारण खिचडी शिजलेली असते, चव घेतलेली असते, ऑनलाइन माहिती भरलेली असते.

कोणते पर्याय होते

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. तीन किलो आणि १०.७ किलो हे दोन आकडे मी फळ्यावर लिहिले. थोडा वेळ कुणी बोललंच नाही.

परसबाग वाढवावी, असं पहिल्यांदा सुचलं. शाळेमागे दीड गुंठ्यात आमची परसबाग होतीच आणि तालुक्याच्या स्पर्धेसाठी ती आम्ही नीट ठेवतही होतो. पण महिन्याला बावीस दिवस धरले तर आम्हाला २३५ किलो भाजी लागते. दीड गुंठा आणि मे महिन्यात पाणी नाही, यातून ती निघत नाही. परसबागेतून कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, शेवग्याचा पाला मिळावा आणि मुलांना बियाणं-माती कळावी, एवढीच अपेक्षा ठेवायची असं ठरलं. परसबागेवर सगळा भार टाकून शाळा मोकळी होते हे मी इतर ठिकाणीही पाहिलं आहे, म्हणून हा मुद्दा त्या दिवशी मी ताणून धरला.

समितीतल्या एका पालकांनी गावातल्या एका मोठ्या बागायतदाराचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे ठिबक होतं, दोन एकर टोमॅटो-फ्लॉवर होता, आणि पैशासाठी ते थांबायला तयार होते. व्यवहार सोपा झाला असता: एक माणूस, एक बिल. पण मग रोज टोमॅटो आणि फ्लॉवरच आला असता, आणि त्यांचा माल पुण्या-मुंबईला चांगल्या भावानं जायला लागला की शाळा पुन्हा कोबीवर आली असती. गुरुजींचा कल या पर्यायाकडे होता. दमलेला माणूस सोपं निवडतो, आणि ते खरोखर दमले होते.

तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडून घ्यावं, असंही कुणी म्हणालं. रोजच्या दहा किलोसाठी गाडी पाठवणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून तो विषय तिथेच संपला.

राहिला बचत गट. गावात अकरा बायकांचा एक गट होता आणि त्यातल्या नऊजणी भाजी करत होत्या. पण त्यांच्याकडे भाजीचं वेगळं रान नव्हतं. गाव उसाचं आहे. भाजी होते ती बांधावर, उसाच्या लागणीत सरीच्या वरंब्यावर आणि परड्यात. आज एकीकडे चार किलो भेंडी असेल तर उद्या काहीच नसेल. म्हणून नऊजणींनी मिळून पुरवायचं, असा प्रस्ताव होता.

गटाच्या अध्यक्ष असलेल्या अक्कांना बैठकीला बोलावलं होतं. शाळेसाठी भाजी, पोरांसाठी भाजी, असं मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: ‘पैसं कवा देणार?’ मग म्हणाल्या, ‘भाजी देतो की आमी. पण उधारीवर न्हाई जमायचं. माझं मीठ-मिरची त्याच्यातच हाय. दूध संस्था कशी दहा दिसाला बिल देत्या, तसं देणार असलासा तर बोला.’

आमचा सगळा प्रश्न त्यांनी तिथे सोडवून दाखवला. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आहे. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल मिळतं आणि घरखर्च त्या तालावर चालतो. आम्ही शाळा म्हणून सरकारी हप्त्याच्या तालावर चालत होतो. दोन ताल जुळवल्याशिवाय बांधावरची भाजी शाळेत येणार नव्हती.

काय केलं

पहिला निर्णय पैशांचा. दिवसाला १०.७ किलो, सरासरी ४० रुपये धरले तर ४२८ रुपये, महिन्याला सुमारे ९,४००. त्या वेळी केंद्र-राज्य मिळून साहित्याचा ठरलेला दर मुलामागे ५.४५ रुपये आणि वरच्या वर्गांना ८.१७ रुपये होता. म्हणजे सगळ्या मुलांचे मिळून दिवसाला सुमारे १,१६६ रुपये, आणि यातच डाळ, तेल, मसाला, गॅस सगळं आलं. भाजीलाच त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग जाणार होता. हे ओढूनताणूनच बसत होतं.

दोन महिन्यांची भाजी आगाऊ पैशांवर चालावी म्हणून २०,००० रुपयांचा फिरता निधी करायचं ठरलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला. लोकवर्गणीतून १२,००० जमले. उरलेले ८,००० शाळेच्या दुसऱ्या निधीतून घ्यायचे होते, आणि इथे गुरुजी अडले. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर निवृत्तीच्या तोंडावर वसुली लागेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. २०१५ च्या त्याच नियमांत एक तरतूद आहे: धान्य किंवा शिजवण्याचा खर्च उपलब्ध नसेल तर जेवण चालू ठेवण्यासाठी शाळेनं आपल्याकडचा दुसरा कुठलाही निधी वापरावा आणि नंतर तो भरून मिळावा. ती तरतूद छापून ठरावाला जोडली, समितीच्या सगळ्या सदस्यांच्या सह्या घेतल्या आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला पत्र दिलं. लेखी उत्तर आलं नाही. तोंडी ‘करा’ असं आलं. गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि सही केली. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी जोखीम त्या सहीत होती. आजही ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

दुसरा निर्णय बिलांचा. सरकारी पैसा आता पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतून थेट बँक खात्यावर जातो. नऊ बायकांची नऊ खाती जोडत बसण्यापेक्षा गटाचं एकच खातं लावलं. छापील बिलं त्यांच्याकडे नव्हती, म्हणून हातपावती: तारीख, भाजी, वजन, दर, सही. गटाच्या आत कुणाचं किती, हे दुधाच्या पासबुकासारख्या छोट्या वह्यांत लिहायचं ठरलं. त्या वह्या सातवीतल्या मुलींनी आखून दिल्या.

तिसरा निर्णय दराचा, आणि तो आम्ही चुकवला. सोय म्हणून सगळ्या भाज्यांना सरसकट ३५ रुपये किलो असा वर्षभराचा दर ठरवला. बायका कोल्हापूरच्या एसटीचा खर्च वाचतो म्हणून कमी दरात देतील, असं मी गृहीत धरलं होतं. पण मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तिकिटात फारसं वाचत नव्हतंच. वाचत होता तो वेळ: पहाटे पाचला निघून दुपारी एकला परतायचं, म्हणजे भांगलणीची, रानातलं तण काढायची, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. ज्या दिवसांत भांगलण नसते, त्या दिवसांत तेही वाचत नव्हतं. हे मी आधी विचारायला हवं होतं.

२० ऑगस्टला पहिली पाटी आली. महिनाभर सगळं छान चाललं.

कुठे अडलं

सप्टेंबरच्या शेवटी म्हाळाचा पंधरवडा आला. पितरांच्या पानाला भेंडी, गवार, कारलं लागतं, आणि या दिवसांत मंडईत त्यांचे भाव चढतात. तीन दिवस शाळेत फक्त लाल भोपळा आला. गुरुजी चिडले, ‘ठरलं होतं ना?’ म्हणाले. अक्का शांतपणे म्हणाल्या, ‘गुरुजी, ऐंशीची गवार पस्तीसला कशी घालू?’ त्यांचं बरोबर होतं. मग दरही दहा दिवसांवर आणला. बिल देतानाच पुढच्या दहा दिवसांचा दर कोल्हापुरात त्या आठवड्यात त्यांना खरोखर मिळालेल्या भावावरून ठरवायचा, आणि सरासरी ४५ च्या वर गेली तर महाग भाजी सोडून स्वस्त भाजी घ्यायची. त्यानंतर दरावरून एकदाही वाद झाला नाही.

दुसरी अडचण घरातलीच होती आणि ती माझ्या ध्यानातही आली नव्हती. डिसेंबरात मेथी, पालक, कांद्याची पात भरपूर यायला लागली. मी खूश होते. एका सकाळी स्वयंपाकाच्या तिन्ही मावशी ऑफिसात आल्या. दहा जुड्या मेथी निवडायची, तीन पाण्यातून धुवायची, चिरायची, आणि साडेबाराला ताट वाढायचं. त्या रोज एक तास लवकर येत होत्या. महिन्याचं मानधन अडीच हजार रुपये, तेही वेळेवर नाही. ‘कोबी दोन वार केले की संपतो बाई. मेथीचं तसं न्हाई,’ मोठ्या मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोटांची टोकं हिरवी-काळी झाली होती, थंडीत पाण्यानं फुटली होती. गेले चार महिने आम्ही शेतकरी बायकांशी, समितीशी, पंचायतीशी बोललो होतो. भाजी जिच्या हातून शिजते तिला कुणी विचारलं नव्हतं.

कुणीतरी मुलांकडून निवडून घ्यायचं सुचवलं. तासाच्या वेळात मुलं भाजी निवडणार नाहीत, हे मी तिथेच स्पष्ट केलं. शेवटी पालेभाजी आठवड्यातून दोनच दिवस घ्यायची आणि गटानं ती निवडून, मुळं काढून आणायची असं ठरलं. त्यासाठी किलोमागे पाच रुपये जास्त. मावशींचं एक तासाचं काम कमी झालं. मानधनाचं काही करणं आमच्या हातात नव्हतं.

त्याच महिन्यात फिरता निधी तळाला गेला. १ डिसेंबरपासून साहित्याचा दर ६.१९ आणि ९.२९ रुपये झाला होता, पण तो कागदावर. मागचाच हप्ता आला नव्हता. निधीत साडेतीन हजार उरले. गुरुजींचं म्हणणं, महिनाभर बायकांना थांबायला सांगू, ओळखीच्याच आहेत. समितीतल्या दोन आयांचं म्हणणं उलट होतं: खरेदी कमी करा, पण दहा दिवसांचं बिल चुकवू नका. म्हणजे मुलांच्या ताटातली भाजी निम्मी करायची आणि बायकांना दिलेला शब्द पाळायचा. मला हे पटायला जड गेलं. भाजीसाठीच तर सगळं चाललं होतं. पण एकदा उधारी सुरू झाली की आपण पुन्हा त्याच जागी जाणार, हे त्या दोघींनी आमच्याआधी ओळखलं होतं. तीन आठवडे आम्ही दिवसाला पाच किलोच भाजी घेतली आणि अकरा तारखेचं, एकवीस तारखेचं बिल त्याच दिवशी दिलं. जानेवारीत हप्ता आला. त्या काळात एकही बाई गटातून गेली नाही.

जाण्याची वेळ आली ती वेगळ्या कारणानं. जानेवारीत एका सकाळी वांग्यांची पाटी उघडताच मोठ्या मावशींनी ती बाजूला सारली. ‘औषधाचा वास येतोय.’ फवारणी दोन दिवसांपूर्वीच झाली होती. वांगी धुऊन घेऊ, असं गुरुजी म्हणाले. मावशींनी ती चुलीवर चढवायला साफ नकार दिला, आणि मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली होती. तिथे विष तेलात होतं, इथे प्रकार वेगळा होता, पण लहान मुलांच्या जेवणात ‘धुऊन घेऊ’ हे उत्तर असू शकत नाही. चार किलो वांगी परत गेली आणि त्यांचे पैसे आम्ही दिले नाहीत.

वांगी परत केली ते योग्यच होतं. पैसे न देणं मात्र आज मला पटत नाही. फवारणीबद्दल आम्ही कुठलाही नियम आधी सांगितलेलाच नव्हता. ती बाई सगळ्यांसमोर पाटी उचलून गेली आणि परत आली नाही. तिचा मुलगा सहावीत माझ्याच वर्गात होता, तो आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हता. नंतर नियम केला: औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांच्यात जितके दिवस लिहिलेत तितके पाळायचे, आणि हातपावतीवर ‘शेवटची फवारणी’ असा रकाना ठेवायचा. तो रकाना ऑगस्टमध्येच हवा होता.

अंड्यांचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबर २०२३ पासून राज्याकडून आठवड्यातून एक अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं मिळत होतं, अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं तो निधी थांबवला. गटातल्या बायकांकडे गावठी कोंबड्या होत्या, पण गावठी अंडं पाच रुपयांत कधीच बसलं नव्हतं. लोकवर्गणीतून अंडी चालू ठेवावीत का, यावर समितीत चर्चा झाली. त्याच घरांकडे दुसऱ्यांदा हात पसरायला कुणी तयार नव्हतं. अंडी बंद झाली. शुक्रवारी मुलं अजून विचारायची.

निष्पत्ती

एप्रिलअखेर वही मांडली. ऑगस्टच्या सुरुवातीला दिवसाला तीन किलो असलेली भाजी नोव्हेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत आठ ते नऊ किलोंवर होती. डिसेंबरात पाचवर आली, मार्चमध्ये ऊन वाढलं तशी सहावर. १०.७ किलो मोजून सहा दिवसच भरली. वर्षभरात बावीस प्रकारच्या भाज्या ताटात आल्या. आधी चार यायच्या. गटातल्या नऊजणींपैकी सातजणी टिकल्या. एक वांग्यांवरून गेली, दुसरीच्या नवऱ्यानं बांधापर्यंत ऊस आणला, त्यामुळे तिची जागाच गेली. बांध त्या कसतात, पण सात-बाऱ्यावर नाव त्यांचं नसतं. त्यामुळे शाळेच्या भाजीचं भवितव्य शेवटी घरातले पुरुष ठरवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्या भाज्या मुलांनी खाल्ल्या असंही नाही. दोडका भातात दिसला की तो ताटाच्या कडेला रचला जायचा. मावशींनी तो किसून डाळीत घातला तेव्हा संपला. पोकळा डाळीत पहिल्या दिवसापासून चालला. राज्याच्या नव्या पाककृतींमधलं मूग-शेवग्याचं वरण फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात आवडीचं ठरलं, कारण शेंग चोखायला मुलांना मजा यायची. पहिलीतली पोरं चोखलेल्या चोथ्यांचे ढीग करून मोजत बसायची, आणि माझी सहकारी त्यावरच बेरीज घ्यायची.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिली बैठक मी स्वयंपाकघरात घेईन. मावशींना विचारीन की दिवसाला किती भाजी चिरणं शक्य आहे आणि कोणती, आणि त्यावरून भाज्यांची यादी करीन.

फिरता निधी दोन नाही, चार महिन्यांचा धरीन. २०,००० हा आकडा आम्ही हप्ता वेळेवर येईल या आशेवर ठरवला होता, मागच्या वर्षीच्या वहीवरून नाही. वही उघडली असती तर दिसलं असतं.

परत करायच्या मालाचा नियम पहिल्याच दिवशी लिहून देईन. पहिल्या वेळी माल परत गेला तर निम्मे पैसे द्यायचे, असंही त्यात घालीन.

आणि भाजी ऑगस्टमध्ये न शोधता मे महिन्यात ठरवीन. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा दोडक्याचा वेल मांडवावर चढलेला असायला हवा, म्हणजे बी उन्हाळ्यातच रुजायला हवं. मार्चमध्ये गवार हवी असेल तर जानेवारीतच टोकायला हवी. हे अक्कांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. आम्ही त्यांच्याकडे फक्त तयार भाजी मागितली. त्यांचं पेरणीचं ज्ञान मागितलंच नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी समितीची बैठक झाली. सातही जणी आल्या होत्या, आणि या वेळी त्यांच्यातल्या चौघींचे नवरेही. फळ्यावर जून ते मार्च असे दहा रकाने आखले. कुणाच्या कुठल्या बांधावर काय पेरायचं ते अक्का सांगत होत्या, मी लिहीत होते. मोठ्या मावशी दारात बसल्या होत्या. डिसेंबरच्या रकान्यात मी ‘मेथी’ लिहिलं तशा त्या म्हणाल्या, ‘दोनच दिस हं बाई.’ मी त्यापुढे २ लिहिलं आणि जूनच्या रकान्याकडे वळले.